एक पेंडी कोथमीर म्हणजे किती ग्रॅम, किती वाट्या?

चुलीपाशी · १४ मार्च, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. महिनाअखेरीला वर्षाची चटणी करायची आहे. त्याआधी एक हिशोब पक्का करून घ्यायचा आहे, म्हणून हा धागा.

आईच्या वहीत कांदा-लसूण चटणीचं प्रमाण आहे. एक किलो मिरची (निम्मी ब्याडगी, निम्मी संकेश्वरी), अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, पाव किलो सुकं खोबरं, पाव किलो धणे, पुढं तीळ, मीठ, गरम मसाला सगळं तोलून लिहिलेलं. आणि शेवटच्या ओळीत 'कोथमीर १ पेंडी'. सगळं किलोत आणि कोथमीर तेवढी पेंडीत. आई जाऊन चार वर्षं झाली, त्यामुळं विचारायची सोय नाही.

गेल्या वर्षी दोन किलो मिरचीची चटणी केली. मे महिना होता, बाजारात पेंड्या अगदी बारक्या. दोन पेंड्यांनी काय होतंय म्हणून मी मनानंच पाच घातल्या. धुतल्या, तासभर पंख्याखाली ठेवल्या, तेलात जराशा परतल्या आणि डंकावर पाठवल्या. जुलैत मोठी बरणी उघडली तर वर पांढरी बुरशी. अख्खी बरणी टाकून द्यावी लागली. दोन किलो मिरची, देठं खुडायला दोन दुपारी गेलेल्या, आणि आईचंच प्रमाण. फार जीवाला लागलं.

म्हणून आज कपिलतीर्थ मार्केटातून एकाच बाईकडून, एकाच दरानं तीन पेंड्या आणल्या आणि काट्यावर ठेवल्या. १४५ ग्रॅम, २१० ग्रॅम, २६५ ग्रॅम. तिन्हींना एकच नाव, पेंडी!

मधली २१० ची सोडली. मुळं कापल्यावर १८६ राहिली. पिवळी पानं आणि जाड दांडे काढून कोवळ्या काड्यांसकट निवडली तेव्हा १२८. नुसती पानं खुडली असती तर किती, हे बघायला तीही वेगळी केली: ८२ ग्रॅम. म्हणजे एकाच पेंडीचे चार आकडे. वहीतली पेंडी यातली कुठली?

तुमच्याकडं कुणी तोलून बघितलंय का? वाटीचं आणि ग्रॅमचं गणित कुणी बसवलंय का?

---

शिरोळचा_मळा · १४ मार्च, रात्री १०:०५

ताई, पेंडी हे वजन न्हवंच. ती मूठ आहे.

आमच्यात कोथमीर उपटायला बायका असतात. एका हातानं उपटायची, दुसऱ्या हातात धरत जायची, मूठ भरली की मुळं झाडायची आणि बंद मारायचा. ज्या बाईची मूठ मोठी तिची पेंडी मोठी. सौद्यात दर शेकड्यावर निघतो, म्हणजे शंभर पेंड्यांना एवढे. तिथं काटा लावत नाहीत. व्यापारी एक पेंडी उचलून हातात खेळवतो, बुडखा बघतो, वास घेतो आणि बोली करतो. दर चढा असला की शेतकरी पेंडी बारीक बांधतो, पडला की जाड. यात फसवायचं काही नाही, सगळ्यांना दिसतंच.

उन्हाळ्यात कोथमीर लवकर तुऱ्यावर येते, त्यामुळं कोवळी असतानाच काढावी लागते. झाड लहान, म्हणून पेंडी हलकी. थंडीत तेच वाण गुडघ्याच्या खालपर्यंत येतं आणि पेंडी अडीचशे-तीनशेला जाते. पावसाळ्यात वजन भरपूर लागतं पण त्यात चिखल आणि पाणी किती ते घरी गेल्यावर कळतं. तुमच्या आई चटणी कुठल्या महिन्यात करायच्या, ते आधी आठवा.

---

चुलीपाशी · १४ मार्च, रात्री १०:३०

हे सोनं सांगितलंत दादा. आई शिमग्यानंतर लगेच करायची, मे उजाडायच्या आत. म्हणजे पेंडी अजून थोडी भरलेली असणार. माझी मे मधली होती.

---

नवखी_सून · १५ मार्च, सकाळी ७:५०

मी नाशिकची. आम्ही जुडी म्हणतो. लग्न होऊन इथं आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, दोन पेंड्या आण, आणि मी कडब्याच्या पेंढीचा विचार करत उभी. तुमच्या धाग्यावर लक्ष ठेवून आहे, कारण माझी कोथिंबीर वडी एकदा दगड होते आणि एकदा वाफवतानाच फुटते. वाटीनं मोजूनच घेते, तरी.

---

चुलीपाशी · १५ मार्च, दुपारी २:१५

नवखी_सून, तुझ्या वडीचं उत्तर मला आज सकाळी काट्यावर सापडलं असं वाटतंय.

आधी वाटी किती मापाची ते बघितलं. काट्यावर रिकामी वाटी ठेवून शून्य केलं आणि काठोकाठ पाणी भरलं. १६० ग्रॅम. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर, त्यामुळं माझी आमटीची वाटी १६० मिलिलिटरची. ही युक्ती कुणालाही घरात करता येते, मापाचे कप विकत आणायची गरज नाही.

मग निवडलेली, पूर्ण कोरडी कोथमीर घेतली. नुसती पानं वरून सोडत वाटी भरली, न दाबता: ११ ग्रॅम. तीच पानं बोटांनी चेपून भरली: २४ ग्रॅम. नंतर बारीक चिरली आणि चमच्यानं सैल भरली: २२. चिरलेली अंगठ्यानं दाबून, वर सपाट करून भरली: ३४. तीनतीनदा केलं, एखाद-दोन ग्रॅम इकडंतिकडं.

वाटी तीच, कोथमीर तीच, आणि ११ पासून ३४ पर्यंत. तिपटीहून जास्त.

आता तुझी वडी. 'दोन वाट्या चिरलेली कोथिंबीर, एक वाटी बेसन' असं सगळीकडं लिहिलेलं असतं. माझ्या वाटीत सपाट भरलेलं बेसन ६१ ग्रॅम बसलं. कोथमीर सैल भरलीस तर दोन वाट्यांत ४४ ग्रॅम, दाबून भरलीस तर ६८. पहिल्या खेपेला बेसन जास्त, दुसऱ्या खेपेला कोथमीर जास्त. दगड आणि फुटणं, दोन्ही इथूनच येत असणार. मी आता दोन्ही वजनानं सारखं घेणार आहे, ६० ला ६०. डोळ्याला कोथमीर दुप्पट दिसते, काट्यावर ती बेसनाच्या बरोबरीची असते.

---

नवखी_सून · १५ मार्च, दुपारी २:४०

ताई, मी कधी घाईत सैल भरते, कधी पेंडी संपवायची म्हणून कोंबते. खरंच असंच होतं. उद्याच करून बघते.

---

परदेशी_भाकरी · १५ मार्च, संध्याकाळी ६:३०

मूळची मंगळवार पेठेतली, गेली सात वर्षं जर्मनीत. गंमत म्हणजे इथंसुद्धा पेंडीच! जर्मन पाककृतीत 'एक बुंट पार्सली' लिहितात, बुंट म्हणजे बांधलेली जुडी. सुपरमार्केटातली जुडी चार काड्यांची आणि तुर्की दुकानातली हातभर. जर्मन मैत्रिणीशी यावर बोलले तर तीही म्हणाली, आमच्यातही कुणाला नक्की माहीत नाही.

इंग्रजी पाककृती वाचताना अजून एक घोळ होतो, तो इथं नोंदवते. अमेरिकन कप साधारण २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २५० चा. टेबलस्पून बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटर, पण ऑस्ट्रेलियात २०. तुमची १६० ची वाटी धरली तर अमेरिकन कप म्हणजे बरोबर दीड वाटी. तुमच्या आकड्यांवरून सैल पानांचा कप १६-१७ ग्रॅम आणि दाबून भरलेला ३६. माझ्याकडच्या तक्त्यांत सैल कोथिंबिरीचा कप १६ ग्रॅमच दिलाय, म्हणजे तुमची कोल्हापूरची वाटी आणि तो तक्ता जुळले.

त्या पाककृतींत शब्दांची जागा फार महत्त्वाची असते. 'एक कप कोथिंबीर, चिरलेली' असं असेल तर आधी पानांनी कप भरायचा, मग चिरायचं. 'एक कप चिरलेली कोथिंबीर' असेल तर आधी चिरायचं, मग भरायचं. स्वल्पविराम कुठं आहे त्यावर दुपटीचा फरक पडतो. मला हे कळायला तीन वर्षं लागली.

---

दगडी_पाटा · १५ मार्च, रात्री ८:५५

मला हे पटत नाही, स्पष्ट सांगतो. आमच्या आजीनं कधी काटा बघितला नाही. रश्श्याचं वाटण करताना आलं, लसूण, कोथमीर, खोबरं हाताच्या अंदाजानं घ्यायची आणि प्रत्येक वेळी तीच चव. कोथमीर कोवळी आहे का निबर, वास किती आहे, हे नाकाला कळतं, ते ग्रॅममध्ये कुठं येतं? गावरान पन्नास ग्रॅम आणि बिनवासाची हायब्रीड पन्नास ग्रॅम, सारखी का?

---

चुलीपाशी · १५ मार्च, रात्री ९:२०

दादा, वासाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. ग्रॅम वास सांगत नाही. तुमच्या आजींचा हात होता तसा आईचाही होता. पण तो हात वहीत उतरला नाही, आणि माझा तयार व्हायच्या आधी ती गेली. मला हात कमवायलासुद्धा कुठूनतरी सुरुवात करावी लागेल. ती सुरुवात मी वजनानं करतेय. रश्श्यात दहा ग्रॅम इकडंतिकडं झालं तर आपण जेवून मोकळे होतो. चटणी वर्षभर टिकवायची असते.

---

दगडी_पाटा · १५ मार्च, रात्री ९:३५

टिकवायच्या पदार्थाचं मान्य. तिथं पाण्याचा प्रश्न आहे, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

---

अन्नाचं_विज्ञान · १६ मार्च, सकाळी १०:१०

मी महाविद्यालयात अन्नतंत्र शिकवते. दगडी_पाटा यांनी पाण्याचं नाव काढलं, तिथूनच पुढं जाते.

ताज्या कोथिंबिरीत वजनाच्या साधारण ९२ टक्के पाणी असतं. चुलीपाशी, तुमच्या पाच बारक्या पेंड्या आजच्या १४५ ग्रॅमच्या धरल्या आणि तुमच्याच प्रमाणात (२१० ला १२८) निवडल्या तर साधारण ४४० ग्रॅम हिरवा भाग झाला. त्यात ४०० ग्रॅमच्या आसपास पाणी. दोन किलो मिरचीत तुम्ही जवळजवळ अडीच वाट्या पाणी घालायला निघाला होता, आणि त्यातलं 'जराशा' परतण्यात किती उडालं असेल? वर धुण्याचं पाणी वेगळंच. कांद्याचं पाणी आपण लालसर होईपर्यंत तळून घालवतो, कोथिंबिरीचं मात्र पानं मऊ पडली की झालं असं समजतो. पान मऊ पडलं म्हणजे पाणी अजून आतच आहे. ते हातात चुरचुरलं पाहिजे.

आता वाटीचं. आपण वाटीत पानं मोजतो असं म्हणतो, पण बहुतेक हवा मोजत असतो. पान पातळ, वाकडंतिकडं, एकमेकांवर टेकून उभं राहतं आणि मध्ये पोकळी राहते. चिरलं की तुकडे त्या पोकळीत बसतात, म्हणून तीच वाटी दुप्पट जड होते. दाबलं की उरलेली हवाही जाते. तांदळात किंवा साखरेत असं फारसं होत नाही, कारण दाणे आधीच घट्ट बसलेले असतात. म्हणून साखर वाटीनं मोजली तर चालतं आणि पालेभाजी वाटीनं मोजली की फसगत होते.

धुतलेल्या पानांबद्दल: १०० ग्रॅम कोरडी कोथिंबीर धुऊन नुसती झटकून तोला. माझ्याकडं १२८ भरली. फडक्यात गुंडाळून टिपल्यावर १०६. म्हणून तोलायची तर धुण्याआधी तोला, किंवा पूर्ण टिपून.

---

मेसचा_डबा · १६ मार्च, दुपारी ३:४५

राजारामपुरीत बावीस वर्षं घरगुती मेस चालवते, रोजची साठ-सत्तर ताटं. काट्याशिवाय माझं पान हलत नाही, त्यामुळं या धाग्यावर बोलायलाच हवं.

एक, आमच्या वहीत कुठंही पेंडी नाही. सगळीकडं 'निवडलेली' असं लिहून वजन. बाजारातून आणताना मी निवडलेल्या वजनाच्या पावणेदोनपट आणते. पावसाळ्यात दुप्पट, कारण कुजकी पानं फार निघतात.

दोन, वाटीचं प्रमाण दहापट करताना फार जपा. एका वाटीत कोथमीर फुललेली राहते. तीच मोठ्या पातेल्यात भरली की वरच्या भारानं खालची आपोआप दबते. दहा वाट्यांचं पातेलं म्हणून भरायला गेलं तर त्यात पंधरा वाट्यांची कोथमीर बसते. सुरुवातीला एका साखरपुड्याच्या ऑर्डरीला माझी हिरवी चटणी अशीच काळपट आणि कडसर झाली होती. यजमानीण काही बोलल्या नाहीत, पण चटणीची भांडी भरलेलीच परत आली. त्यानंतर काटा घेतला.

तीन, वरून भुरभुरायची कोथमीर मी आजही तोलत नाही. मिसळीवर किती टाकायची ते कटाचा रंग बघून हात ठरवतो. दगडी_पाटा दादांचं म्हणणं तिथं लागू आहे.

आणि काड्या टाकू नका गं पोरींनो. कोवळ्या काडीला पानाइतकाच वास असतो. वाटणाला, चटणीला काड्यांसकट घ्यायची. निवडलेली म्हणजे काड्यांसकट का नुसती पानं, तेवढं मात्र वहीत लिहून ठेवायचं. चुलीपाशीनं बघितलंच आहे, १२८ आणि ८२.

---

जुनं_माप · १६ मार्च, रात्री ९:००

वय वर्षे ८१. लेकीनं धागा वाचून दाखवला, उत्तर मी सांगतोय आणि ती टाइप करतेय.

तुमचा सैल आणि दाबून हा वाद आमच्या वेळी धान्याला होता. धान्य तोलत नसत, मापानं घालत. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पण नुसतं 'एक पायली जोंधळा' म्हणून भागायचं नाही. 'शिगेची का सपाट' हे आधी ठरायचं. शीग म्हणजे मापाच्या काठावर दाण्यांचा जो शंकू उभा राहतो तो. बलुत्याला शीग लावून घालायचं, उसनं आणलेलं परत करताना तर शीग चुकवायची नाही. माप हलवून, ठोकून भरलं की दाणे बसतात, म्हणून माप ठोकायचं का नाही यावरही बोलणी व्हायची. माझी आजी म्हणायची, माप भरणाऱ्याच्या हाताकडं बघ, मापाकडं नको.

आणि तोलायचा शेर वेगळा होता. तो ऐंशी तोळ्यांचा, आताच्या ९३३ ग्रॅमच्या जवळचा. मापाचा शेर आणि तोलाचा शेर, नाव एकच. १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलोची वजनं यायला लागली, तरी घरातली मापं कितीतरी वर्षं चालली. आमच्या माळ्यावर पितळी मापटं अजून आहे.

तेव्हा मुली, तुझ्या आईची वाटी शिगेची होती का सपाट, एवढं कुणाकडून तरी काढून घे. मग तुझा हिशोब सुटेल.

---

चुलीपाशी · १७ मार्च, सकाळी ८:१५

आजोबा, नमस्कार. तुमचा निरोप वाचून रात्री झोप लागली नाही. सकाळी उठून आधी मावशीला फोन लावला. ती गडहिंग्लजला असते, चटणीला दरवर्षी आमच्याकडं यायची.

मावशी म्हणाली, "अगं, पेंडी नुसती लिहायला. तुझी आई कोथमीर चिरून त्या कडीच्या पितळी वाटीनं घालायची की. किलोला तीन." मी विचारलं, दाबून का सैल? तर म्हणाली, "दाबून. तळहातानं चेपायची आणि वर सुरीची पाठ फिरवायची. आणि चिरायची कधी, तर आदल्या रात्री धुऊन धोतराच्या फडक्यावर पसरून ठेवलेली असायची, सकाळी."

ती वाटी देवघरात आहे, अक्षता ठेवायला. काढली, घासली, पाणी भरून तोलली. १६५ ग्रॅम. माझ्या आमटीच्या वाटीच्या जवळपास तेवढीच! चिरलेली कोथमीर तळहातानं चेपून भरली, सुरीची पाठ फिरवली. पहिल्यांदा ३५, नंतर ३४, मग पुन्हा ३५. किलोला तीन वाट्या म्हणजे १०० ग्रॅमच्या आसपास. काठावर सुरी फिरवताना जो खर्र असा आवाज आला तो लहानपणी ऐकलेला होता. तोवर विसरले होते.

फक्त एक शंका. आई रात्रभर सुकवलेली चिरायची, मी ताजी चिरली. अन्नाचं_विज्ञान ताई, यानं आकडा बदलेल ना?

---

अन्नाचं_विज्ञान · १७ मार्च, दुपारी १२:३०

बदलेल. सुकलेलं पान लवचिक होतं, चेपून जास्त बसतं, पण प्रत्येक पानाचं वजन कमी झालेलं असतं. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध जातात. अंदाजावर ठेवू नका, रात्री १०० ग्रॅम पसरा आणि सकाळी तोलून, चिरून, वाटीत भरून बघा.

---

आजऱ्याचा_घनसाळ · १७ मार्च, दुपारी १:०५

मध्येच विचारतो, पुदिना आणि कढीपत्त्याचं कुणी बघितलंय का? बिर्याणीला 'एक कप पुदिना' आणि फोडणीला 'दोन डहाळ्या' असतं.

---

चुलीपाशी · १७ मार्च, संध्याकाळी ७:१०

पुदिना आज बघितला. पेंडीत दांडेच जास्त, शंभर ग्रॅममधून पानं जेमतेम ४२ निघाली. कोथमिरीसारख्या काड्या वापरता येत नाहीत, त्या चिवट. माझ्या वाटीत पानं सैल १० ग्रॅम, चेपून २० बसली. चेपून भरलेला अमेरिकन कप म्हणजे मग ३० ग्रॅम, त्याला सत्तर-पंचाहत्तर ग्रॅमची पेंडी हवी.

कढीपत्ता मी मोजूनच घेते, वाटीनं नाही. दहा डहाळ्या ओरबाडल्या, सगळी पानं मिळून १७ ग्रॅम. म्हणजे डहाळीला पावणेदोन. पण परसातल्या झाडाचं पान बाजारातल्यापेक्षा बारीक असतं आणि वास दुप्पट, तेव्हा तिथं नाकच खरं.

---

परदेशी_भाकरी · १७ मार्च, रात्री ११:४०

वाळलेल्याचंही विचारून घेते. इथं ताजी मेथी मिळत नाही, कसुरी वापरते. पुस्तकांत 'तीन चमचे ताजी म्हणजे एक चमचा वाळलेली' असं असतं. ते वजनाला लागू होतं का?

---

अन्नाचं_विज्ञान · १८ मार्च, सकाळी ९:५५

नाही, तो चमच्यांचा नियम आहे. वजनात तो धरला तर चव फार उग्र होईल. मेथीत सुमारे ८६ टक्के पाणी, म्हणजे १०० ग्रॅम ताज्या पानांची कडकडीत वाळून १५ ग्रॅमच्या आसपास राहतात. कोथिंबिरीची तर नऊ-दहाच. कढीपत्त्यात पाणी बरंच कमी, त्याची पस्तीस-चाळीस उरतात. शिवाय मेथीचा वास वाळल्यावर वाढल्यासारखा वाटतो, कोथिंबिरीचा उडून जातो. त्यामुळं कोथिंबिरीला वाळलेला पर्याय मी तरी सुचवत नाही.

---

चुलीपाशी · १८ मार्च, सकाळी १०:४०

रात्रीचा प्रयोग: १०० ग्रॅम टिपलेली कोथमीर आईसारखी फडक्यावर पसरली, खिडकी उघडी ठेवली. सकाळी ६२ ग्रॅम. चिरून आईच्या वाटीत चेपून भरली: ३३. सुरीची पाठ फिरवली.

म्हणजे आईच्या तीन वाट्या सकाळच्या ९९ ग्रॅम. ताज्या हिशोबानं ती साधारण १६० ग्रॅम निवडलेली कोथमीर. आणि मुळासकट? माझ्या प्रमाणानं २६० च्या पुढं. परवाची तिसरी पेंडी २६५ ची होती. शिरोळचा_मळा दादा, शिमग्याच्या सुमारास भरलेली एक पेंडी!

---

शिरोळचा_मळा · १८ मार्च, दुपारी १:२०

बसलं बघा. त्या वेळच्या पेंड्या तेवढ्या यायच्याच.

---

नवखी_सून · २० मार्च, रात्री ८:००

६० ला ६० नं वडी केली. कोथिंबीर धुऊन पूर्ण टिपून घेतली, वेगळं पाणी जवळजवळ घातलंच नाही, मीठ लागल्यावर तिचं तिलाच सुटलं. वाफवल्यावर सुरी स्वच्छ निघाली. सासूबाईंनी दोन वड्या न तळताच खाल्ल्या.

---

चुलीपाशी · १ एप्रिल, दुपारी ४:३०

चटणी झाली. किलोला १६० ग्रॅम निवडलेली, काड्यांसकट, धुण्याआधी तोललेली. रात्रभर फडक्यावर, सकाळी चिरून थोड्या थोड्या तेलात, मंद आचेवर. घाई केली नाही. एक घाणा व्हायला बारा-तेरा मिनिटं लागली. आधी पानं मऊ होऊन गोळा होतात, चरचर आवाज मोठा येतो. मग आवाज बारीक होत जातो, पानं सुटी होतात, झाऱ्याला वाळल्या पाचोळ्यासारखी लागतात. आवाज थांबला की काढायची. गेल्या वर्षी मी चरचर चालू असतानाच काढली होती.

डंकावरून गरम आलेली चटणी परातीत पूर्ण निवू दिली, मग बरणीत भरली.

---

मेसचा_डबा · १ एप्रिल, संध्याकाळी ५:१५

निवू दिलीस हे फार चांगलं केलंस. बरणीत वाफ धरली तर तिथूनच सुरू होतं.

---

चुलीपाशी · २२ जुलै, सकाळी ११:००

राजाराम बंधारा पाण्याखाली गेलाय, आठ दिवस ऊन नाही, भिंतींना ओल आलीय. आज मोठी बरणी उघडली. वरचा थर मोकळा, लाल, कोरडा. चमचा घातला तर भुसभुशीत निघाला आणि आधी कोथमिरीचा वास आला, मग लसणाचा. दुपारी भाकरीवर तेल घालून खाल्ली, मावशीला डबा पाठवतेय.

---

नवा_सभासद_लक्ष्मीपुरी · २२ जुलै, दुपारी १२:२०

सगळा धागा वाचला. पुढच्या वर्षी मी करणार आहे. एकच विचारायचं, ते १६० ग्रॅम मुळं धरून का?

---

चुलीपाशी · २२ जुलै, दुपारी १२:३५

नाही. मुळं आणि जाड दांडे काढून, कोवळ्या काड्या ठेवून, धुण्याआधी. एक किलो मिरचीला. बाजारातून पावणेतीनशेच्या आसपास आणा, आणि पेंडी किती ते बाईंना विचारू नका, काटा मागा.